मेढ्याचा रोजचा रस्ता, कांदाटीची ओढ आणि जुनी फोर बाय फोर

पत्र:

नमस्कार. मी साताऱ्यात राहते आणि मेढ्याला बँकेत नोकरी करते. जाऊन-येऊन रोज ५० किलोमीटर होतात. सध्या मिस्टरांची छोटी गाडी चालवते. माझं माहेर तापोळ्याच्या बाजूला. कोयनेच्या पाण्यापलीकडचं कांदाटी खोरं लहानपणापासून लांबूनच पाहिलंय, आता स्वतः गाडी घेऊन तिकडच्या कच्च्या रस्त्यांनी हिंडायचंय. बजेट सगळं धरून सहा लाख. तीन गाड्या समोर आहेत. दिरांनी शोधलेली २००६ची जिप्सी, मिलिटरीच्या लिलावातली, नवा हिरवा रंग आणि मोठे टायर, साडेतीन लाख. कराडच्या एका कंत्राटदाराची २०१३ची स्कॉर्पिओ फोर बाय फोर, पावणेपाच लाख. आणि चिपळूणची २०१४ची कापडी हूडची थार, साडेपाच लाख. घरात सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. मुलगा सातवीत आहे. मिस्टर म्हणतात, भंगार विकत घेण्यापेक्षा नवी छोटी गाडी घे. कोणाचं ऐकू?

उत्तर:

ताई, आधी उत्तर सांगतो, मग कारणं. कराडची स्कॉर्पिओ बघून या. चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा) आणि कागद चोख निघाले तर तीच घ्या. नाही निघाले तर तिन्ही सोडा आणि दोन-तीन महिने थांबा; जुन्या फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांना इंजिनची ताकद देणाऱ्या गाड्या, काही संपत नाहीत. जिप्सी घेऊ नका. दिरांना हे कसं सांगायचं ते तुम्ही बघा, पण खाली जे लिहितोय ते त्यांना वाचायला द्यायला हरकत नाही.

तुमच्या पत्रात दोन गाड्यांची गरज एका गाडीत घातलीय. एक गाडी बँकेत जाणारी, दुसरी कांदाटीत जाणारी. पहिली महिन्याला १२५० किलोमीटर चालणार, दुसरी जेमतेम दीडशे-दोनशे. मग निवड पहिलीच्या हिशेबाने करायची आणि दुसरी तिच्यात बसते का ते बघायचं. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. डोंगरात चिखल उडवणारी गाडी मनात धरून घेतात आणि सोमवारी सकाळी कण्हेरजवळ हॉर्न वाजवत तिच्या नावाने बोटं मोडतात.

मेढ्याच्या रस्त्याला फोर बाय फोर लागत नाही. पावसातही नाही. तो डांबरी रस्ता आहे, तिथे लागतात चांगले टायर आणि चांगले ब्रेक. पुढे केळघर घाटात दरड आली तर फोर बाय फोरवालाही तुमच्याबरोबर जेसीबीची वाट बघत बसणार. हे मुद्दाम सांगतोय, कारण तुम्ही बघितलेल्या तिन्ही गाड्यांची फोर बाय फोर 'पार्ट टाइम' प्रकारची आहे, म्हणजे गरज पडेल तेव्हा लावायची आणि झाल्यावर काढायची. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात, म्हणून त्यांना जास्त फिरावं लागतं. फोर बाय फोर लावली की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकाच वेगाला बांधला जातो. चिखलात टायर थोडा घसरतो आणि तो फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, मग सगळा ताण शाफ्टवर, क्रॉसवर आणि ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीवर) येतो. स्टिअरिंग जड होतं, लीव्हर अडकतो, आणि एक दिवस खालून कडकन आवाज येतो. 'पाऊस होता म्हणून घरापासूनच फोर बाय फोर लावून आलो' असं अभिमानाने सांगणारे गॅरेजमध्ये नेहमी भेटतात. मिस्त्री त्यांना चहा पाजतो.

आता जिप्सी. डोंगराच्या वाटेला भारतात तिच्याइतकी गुणी गाडी क्वचितच झाली असेल, हे आधी मान्य करतो. १९८५च्या अखेरीस आली, नंतर १३०० सीसीचं इंजिन घेऊन 'किंग' झाली आणि २०१९च्या सुमारास बंद पडली. एवढ्या काळात तिच्यात फार काही बदललं नाही. वजन एक टनाच्या आसपास, अंग अरुंद, चारी बाजूंना पाटे. जिथे दोन टनांची गाडी रुतते तिथून ती हलक्या अंगाने निघून जाते. लष्कराने आणि ताडोब्यापासून पुढच्या सगळ्या जंगल सफारींनी ती वापरली, म्हणून तिचे पार्टही अजून मिळतात.

पण तुमच्या घराचा विचार करा. मागे समोरासमोर बाकं. सासूबाईंना मागच्या दाराने वर चढावं लागेल, तेही मोठे टायर लावल्यामुळे आणखी उंच झालेल्या गाडीत. पुढच्या सीटवर बसवलंत तर मुलगा मागे आडवा बसणार आणि प्रत्येक खड्ड्याला त्याचं डोकं हूडच्या पाइपला लागणार. एअरबॅग नाहीत. रिकाम्या गाडीचं शेपूट हलकं, त्यामुळे ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की ती मागून हलते. पेट्रोलवर लिटरला १० किलोमीटर धरा, म्हणजे फक्त नोकरीसाठी महिन्याला १२५ लिटर. शंभरीपार गेलेल्या पेट्रोलला त्याचे तेरा हजारांच्या वर होतात. स्कॉर्पिओ ११ची सरासरी देईल असं धरलं तर डिझेल ११४ लिटर लागेल, आणि डिझेलचा भावही थोडा कमी. फरक फार मोठा नाही, पण त्या पैशांत तुम्ही, मुलगा आणि सासूबाई तिघंही दार उघडून नीट सीटवर बसता.

आणि ही विशिष्ट जिप्सी तर मला पत्रातूनच आवडलेली नाही. मिलिटरीची गाडी म्हणजे काळजी घेतलेली गाडी, हा आपल्याकडचा मोठा गोड गैरसमज आहे. लष्कर गाडी लिलावात काढतं ती वापरून झाल्यावर. शिवाय लिलावातल्या दोन-तीन गाड्यांचे भाग जोडून एक गाडी उभी करणारे कारागीर आपल्याकडे कमी नाहीत. काम सुरेख करतात, पण चेसिस एकीची, इंजिन दुसरीचं आणि आरसी तिसरीची. म्हणून दिरांना एवढंच सांगा, चेसिसवर ठोकलेल्या नंबरवर पेन्सिल घासून कागदावर त्याचा ठसा आणा आणि आरसीशी ताडून बघा. नंबराभोवती वेल्डिंगची खूण, ग्राइंडर मारलेली चमक, किंवा तेवढ्याच जागी जाड रंग दिसला तर विषय संपला. नंबर जुळला तर विचारा नोंदणीची मुदत कधीपर्यंत आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण. मोटारीची ही फी एप्रिल २०२२मध्ये ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेली, २० वर्षांपुढच्या गाडीला त्याहूनही जास्त आहे, आणि वर हरित कर. साडेतीन लाखांची गाडी साडेतीनला पडत नाही.

मोठ्या टायरांचंही एक आहे. कंपनीने दिलेल्या मापापेक्षा खूप मोठे टायर, बदललेलं इंजिन, कापून बसवलेलं टप हे आरसीत नसेल तर कायद्याला मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या जानेवारीत हे स्पष्ट केलं. उद्या अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर आधी तिकडेच बोट दाखवणार. पुढे लावलेला लोखंडी गार्डही २०१७च्या अखेरपासून बेकायदेशीर आहे. तो कुठल्याही गाडीवर असला तरी उतरवूनच घ्या.

थारबद्दल थोडक्यात. २०१०पासून मिळू लागलेली ही जुनी थार अडीच लिटरच्या सीआरडीई इंजिनची, ताकद भरपूर, पुढचं सस्पेन्शन जिप्सीपेक्षा सुखाचं. पण मागची बाकं तशीच आडवी आणि तुम्ही बघितलेल्या गाडीत एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी सोय) नाही. ते थारला अगदी शेवटी, २०१९मध्ये मिळालं. कापडी हूडमधून पाणी येतं. 'येत नाही' असं सांगणाऱ्या मालकाला जुलैत गाडी घेऊन बोलवा. या सगळ्यापेक्षा माझं मन अडतं ते चिपळूण या शब्दावर. २२ जुलै २०२१ला ही गाडी कुठे उभी होती, हे विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. त्या पुरात अख्खी बाजारपेठ पाण्यात होती आणि तिच्याबरोबर असंख्य गाड्याही. मालक काहीही सांगेल, तुम्ही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. जो भाग एरवी गुंडाळलेला असतो त्यावर गाळाची रेघ राहते, ती कितीही धुतली तरी जात नाही. सीटच्या खालचे नट-बोल्ट आणि डॅशबोर्डखालचे ब्रॅकेट गंजलेत का, हेही पाहा. पुरात बुडालेल्या गाडीचं इंजिन दुरुस्त होतं, वायरिंग मात्र तीन वर्षांनीही रडवतं.

आता कराडला जाऊ. सकाळी जा, आणि आदल्या दिवशी फोन करून सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर पहिला हात बोनेटवर ठेवा. गरम लागलं तर तुम्ही चहा घ्या आणि इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत बसा, कारण डिझेलचं दुखणं थंड स्टार्टला कळतं. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करायच्या आधी, डॅशबोर्डवरचे दिवे मोजा. इंजिनचा, एबीएसचा, एअरबॅगचा, सगळे दिवे पेटायला हवेत आणि नंतर विझायला हवेत. एखादा पेटलाच नाही तर तो बिघाड लपवायला काढून टाकलेला असू शकतो. स्कॉर्पिओच्या प्रत्येक मॉडेलला एअरबॅग नव्हत्या, तेव्हा या गाडीत मुळात त्या होत्या का, हे आधी विचारून घ्या.

इंजिन गरम झालं की ते चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून उलटं ठेवा. थोडी वाफ ठीक. झाकण उड्या मारत असेल आणि भकाभका धूर येत असेल तर त्याला आपल्याकडचे मिस्त्री 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात, म्हणजे पिस्टन-रिंगचं आयुष्य संपलं. खर्चाचा आकडा ऐकून तुम्ही नवीच गाडी घ्याल.

खाली जा. हो, खरंच झोपून जा, जुनी चादर घेऊन. स्कॉर्पिओची चेसिस शिडीसारखी आहे आणि बॉडी वर बसवलेली. बॉडीचा पत्रा बदलता येतो, चेसिस नाही. म्हणून मागच्या चाकांच्या आसपास, सस्पेन्शनचे ब्रॅकेट जिथे वेल्ड केलेत तिथे, आणि पुढच्या ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला, चिखल साठून राहतो तिथे, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. ठणठण आवाज आला तर लोखंड आहे. भद्द वाजलं किंवा पापुद्रे निघाले तर गंज आतून खातोय. सगळीकडे ताजं काळंकुळकुळीत अंडरकोटिंग मारलेलं असेल तर मी तरी जास्तच घाबरतो. आधी धुतलं नाही, घासलं नाही, वर काळं फासलं, असं बरेच करतात. बॉडीसाठी खिशात फ्रिजवरचा चुंबक ठेवा. दाराच्या खालच्या पट्टीला, चाकांच्या कमानींना लावत जा. चिकटला नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

कंत्राटदाराची गाडी आहे म्हणून आणखी एक. ती साइटवर किती होती आणि काय ओढत होती, हे मालकापेक्षा त्याचा ड्रायव्हर खरं सांगेल. मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. क्लचच्या पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची उजवी कड आणि स्टिअरिंगचा वरचा भाग बघा. खरोखर ८० हजार किलोमीटरच चाललेल्या गाडीचं पेडल गुळगुळीत झालेलं नसतं.

मग फोर बाय फोर तपासा, आणि ती डांबरावर तपासू नका, कच्च्या रस्त्यावर किंवा मोकळ्या शेतात तपासा. हाय (फोर बाय फोरचा नेहमीच्या वेगाचा टप्पा) लावा, थोडं चाला, काढा. गाडी थांबवून लो (कमी वेगाचा, जास्त ताकदीचा टप्पा) लावा, चढावर हळू चढवा, परत काढा. खटक्यावर चालणारी फोर बाय फोर असेल तर तिची मोटर वर्षानुवर्षं न वापरल्याने अडकून बसते. दिवा लुकलुकतो आणि काहीच होत नाही. मालक म्हणेल, 'ताई, इथे कुठे लागते फोर बाय फोर, म्हणून लावली नाही.' खरंच म्हणत असेल. पण दुरुस्तीचे पैसे त्याने किमतीतून वजा करायचे. लो लावून हळू चालताना खालून दात चावल्यासारखा आवाज आला, तर मिस्त्रीला पुढच्या डिफरन्शियलचा नट थोडा सैल करायला सांगा. ऑइल दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय. त्यानंतर आतल्या क्राउन-पिनियनची, म्हणजे दातेरी चाकांच्या जोडीची, हमी कोणीच देत नाही.

चारी टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत, फोर बाय फोरला ते फार महत्त्वाचं. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. २३१९ असेल तर २०१९चा तेविसावा आठवडा. रुबाबदार नक्षीच्या पण सात वर्षं जुन्या टायरपेक्षा साधा नवा टायर केळघर घाटात जास्त पकडतो.

कागदांबद्दल तुम्हा बँकवाल्यांना मी काय शिकवणार. गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, असेल तर बँकेचं ना हरकत आणि फॉर्म ३५, हे तुम्ही माझ्याआधी बघाल. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून घ्या, पण 'नावावर करतो नंतर' हे ऐकू नका. विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर व्हायला हवा. नो क्लेम बोनस मात्र मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. थकलेले ई-चलान आधी भरायला लावा, आणि २०१९च्या आधीची गाडी असल्याने नवी सुरक्षा नंबरप्लेट लावलीय का हेही पाहा. ही स्कॉर्पिओ २०१३ची असल्याने तिची पहिली नोंदणी २०२८मध्ये संपेल. किंमत ठरवताना ते वर्ष तोंडावर आलंय हे विसरू नका.

पावणेपाच सांगितलेत ना? चार-साडेचारला मिळावी. उरलेलं सहा लाखांपर्यंतचं सगळं खर्चून टाकू नका. पहिल्या तीन महिन्यांत चार टायर, सगळी ऑइलं, बेल्ट, होस, ब्रेक आणि सस्पेन्शनचे बुश एवढं काम निघतंच. लाखभर बाजूला ठेवा. गाडी घ्यायच्या आधी साताऱ्यात या इंजिनावर रोज हात चालवणारा मिस्त्री शोधा आणि त्यालाच कराडला घेऊन जा. त्याची दिवसाची मजुरी ही या सगळ्या व्यवहारातली सगळ्यात स्वस्त गोष्ट.

कांदाटीकडे जाल तेव्हाचं थोडं. पलीकडचा बराचसा भाग १९८५मध्ये झालेल्या कोयना अभयारण्याच्या आणि २०१०च्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कक्षेत किंवा लगत येतो. वन खात्याची परवानगी विचारल्याशिवाय गाडीरस्ता सोडून आत घुसू नका, वाट कितीही मोकळी दिसली तरी. कासच्या पठारावर चाक टाकायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. तराफ्यावर गाडी चढवायची असेल तर तराफेवाल्याला वजन आधी सांगा, स्कॉर्पिओ जिप्सीच्या जवळपास दुप्पट भरते. ओढा ओलांडायच्या आधी उतरून काठीने खोली बघा. पाणी चाकाच्या मध्याच्या वर असेल तर मागे फिरा. पहिल्या वर्षी एकट्याने जाऊ नका. दुसरी गाडी सोबत असेल तर एक दोर आणि दोन शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या) पुरतात, एकटी गाडी रुतली तर ट्रॅक्टर येईपर्यंत तुमचा दिवस जातो. आणि रुतलात तर ॲक्सिलरेटर दाबून चाकं फिरवू नका, त्याने फक्त खड्डा खोल होतो. हवा थोडी कमी करा, लो लावा, दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश निघा. परत येताना पहिल्या पंपावर हवा भरायला विसरू नका.

राहिले मिस्टर. ते बरोबर बोलतायत, आणि हे त्यांना कळू द्या. निव्वळ पैशांच्या हिशेबाने नवी छोटी गाडी जिंकते. कमी पेट्रोल, वॉरंटी, सहा एअरबॅगही मिळू लागल्यात, आणि कांदाटीच्या निम्म्या वाटा तीही चालेल, हळू चालवलीत तर. तुम्हाला उरलेल्या निम्म्या हव्यात, आणि त्यासाठी महिन्याला काही हजार जास्त मोजायची तुमची तयारी आहे. पगार तुमचा आहे, तेव्हा हा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा आणि त्यांनाही कराडला न्या. गाडीखाली चादर टाकून झोपायला कोणीतरी लागेलच.